मास्कमधला वास

१

सामना संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा चारुता गोलसमोर बर्फावर गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. फ्रीमाँट हेरन्सची गोलकीपर हरल्यामुळे रडतेय, असंच स्टँडमधल्या सगळ्यांना वाटलं. वाटणारच. बायकांच्या आइस हॉकी लीगचा अंतिम सामना, तीनपैकी दोन सत्रं होईपर्यंत हेरन्स दोन-शून्यने पुढे, आणि शेवटच्या सत्रात चारुताने तीन गोल सोडले. तिसऱ्या वेळी तर पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, इतकी सोपी आली की मारणाऱ्या मुलीचाही क्षणभर विश्वास बसला नाही.

सुमेधाला मात्र हे रडणं वाटलं नाही. आई होती ती. रडण्याआधी चारुताचा खालचा ओठ बाहेर येतो, हे ती अठ्ठावीस वर्षं बघत आली होती. ती तडक खाली उतरली आणि कुणाला न विचारता ड्रेसिंग रूममध्ये घुसली.

"आई, डोळे जळतायत! आय कुडन्ट सी द पक!" चारुता बेसिनपाशी डोळ्यांवर पाणी मारत होती. तिचे डोळे टोमॅटोसारखे लाल झाले होते.

बाकावर तिचा मास्क पडला होता. मास्क म्हणजे गोलकीपरचं जाळीवालं हेल्मेट, आतून जाड फोम लावलेलं. सुमेधाने तो उचलून नाकाशी नेला. घामाच्या वासाखालून दुसरा एक वास आला. थंड, झोंबरा, ओळखीचा.

"यात बाम लावलाय कुणीतरी," ती म्हणाली.

समोरच्या बाकावर इशिता बसली होती. हेरन्सची राखीव गोलकीपर. दुखऱ्या गुडघ्याला बाम चोळत होती, ट्यूब हातातच होती. सुमेधाने तिच्याकडे पाहिलं. खोलीतल्या बाराही बायकांनी सुमेधाच्या नजरेमागोमाग तिकडे पाहिलं. इशिताचा हात गुडघ्यावर होता तिथेच थांबला.

२

सुमेधाच्या शब्दाला इतकं वजन का, ते सांगायला हवं. सांता क्लाराच्या एका चिप कंपनीत तिने एकतीस वर्षं एकच काम केलं होतं: बिघडलेली वस्तू हातात घ्यायची आणि ती का बिघडली ते शोधायचं. तिच्या रिपोर्टवर मोठमोठे साहेब माना डोलवायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण फ्रीमाँटच्या मराठी मंडळात कुणाचा मिक्सर बंद पडला तरी आधी सुमेधाकाकूंना फोन जायचा. तिलाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

त्यामुळे रविवारी संध्याकाळी हेरन्सची कॅप्टन प्रीता तिला पार्किंग लॉटमध्ये गाठून म्हणाली, "काकू, शनिवारी सकाळी टीमची मीटिंग आहे. इशिताला काढायचं की नाही, यावर व्होट घेणार. त्याआधी तुम्हीच जरा बघा ना. तुमचा प्रोफेशनच होता हा."

"बघते," सुमेधा म्हणाली. मास्क तिने आधीच एका झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करून घेतला होता. प्रयोगशाळेची सवय. घरी आल्यावर पिशवी तिने गॅरेजच्या खिडकीत ठेवली.

मग नेहमीच्या पद्धतीने तिने कागद घेतला आणि शुक्रवारपासून मास्क कुठे कुठे होता ते लिहून काढलं. शुक्रवारी सेमीफायनल. तेव्हा मास्क उत्तम, डोळे उत्तम, एकही गोल नाही. त्यानंतर हॉकीची बॅग नेहमीप्रमाणे गॅरेजमध्ये. शनिवारी घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. गॅरेजमध्ये टेबलं मांडून आंबेडाळ आणि पन्ह्याची सोय केली होती, म्हणून तिच्या नवऱ्याने, उल्हासने, बॅग पुढच्या दाराजवळच्या कोटांच्या कपाटात हलवली. त्या बॅगेच्या दर्पाने आलेल्या बायका उंबऱ्यातूनच परत फिरतील, तेव्हा त्याचं काय ते बघ, असं नवऱ्याला फर्मावून सुमेधा डाळ वाटायला गेली होती. रविवारी दुपारी बॅग गाडीच्या डिकीत. मग ड्रेसिंग रूम.

हळदीकुंकवाला चाळीस बायका आल्या होत्या. त्यांत इशिताही होती. नागपूरची मुलगी, वर्क व्हिसावर आलेली, इथे सख्खं कुणी नाही. सुमेधानेच तिला आग्रहाने बोलावलं होतं, ओंजळभर भिजवलेले हरभरे दिले होते.

सोमवारी सकाळी उल्हासने इंडियन स्टोअरची यादी मोठ्याने वाचून दाखवली. "कोथिंबीर, नारळाचा कीस, कापूर, इडली रवा. अजून काही?" सुमेधाचं लक्ष नव्हतं. ती शनिवारचे फोटो बघत होती. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेल्या एका फोटोत, फुलांच्या आराशीमागे, कोटांच्या कपाटाचं दार उघडं होतं. आणि आत वाकून इशिता काहीतरी करत होती.

३

मंगळवारी दुपारी इशिताच्या ऑफिसजवळच्या कॉफी शॉपमध्ये त्या दोघी बसल्या. इशिताने कॉफीला हात लावला नाही.

"जॅकेट लटकवलं काकू. त्या कपाटात दुसरं काय करणार मी?"

"आणि रविवारी? सगळ्या सामान आत ठेवून वॉर्मअपला बाहेर गेल्या तेव्हा तू आत एकटीच होतीस म्हणे."

"दहा मिनिटं होते. गुडघ्याला बाम लावून राहिले होते. रोजच लावते." तिने ट्यूब पर्समधून काढून टेबलावर ठेवली. "घेऊन जा. टेस्ट करा."

सुमेधाने ट्यूब घेतली. मुलगी नजरेला नजर देत नव्हती, हे तिने मनात टिपून ठेवलं. अशा वेळी गप्प बसलं की समोरचा आपणच बोलतो, हेही तिला अनुभवाने माहीत होतं.

"एक गोष्ट सांगायची होती," इशिता शेवटी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "दुसरा गोल गेला ना, तेव्हा मला आनंद झाला. आता हिला बाहेर घेतील, मला आत पाठवतील, असं वाटलं. चार सीझन मी बाकावर बसलीय काकू. माझ्याच टीमवर गोल झाला आणि मी मनातल्या मनात हसले. दोन रात्री झोप नाही मला त्याची. पण मास्कला मी हात लावला नाही."

सुमेधा गाडीत येऊन बसली. मुलगी खरं बोलत होती, असं तिच्या मनाने सांगितलं. लगेच तिने मनाला गप्प केलं. मनापेक्षा पुरावा मोठा, हे तर ती आयुष्यभर लोकांना शिकवत आली होती. आणि पुरावा म्हटला तर सगळा त्या मुलीच्याच विरुद्ध होता. हेतू होता, संधी होती, बामही होता.

४

बुधवारी तिने प्रीताला फोन लावला. प्रीताने पहिल्या दोन मिनिटांतच कबुली दिली, पण ती भलतीच निघाली.

"काकू, थर्ड पिरियडला चारुता सारखी मान झटकत होती. मला दिसत होतं. टाइमआउट घ्यायला हवा होता. पण टाइमआउट घेतला असता तर कोच म्हणाली असती, इशिताला टाक. आणि इशिता मला नको होती. चारुता माझी फ्रेंड आहे ना यार. मॅच मीच घालवली."

रात्रीच्या जेवणाला चारुताला धरलं. ती वरणात भात कालवत बसली.

"डोळे कधीपासून जळत होते?"

"फर्स्ट पिरियडला थोडं पाणी येत होतं. आय थॉट, ॲलर्जी. एप्रिल आहे, पोलन आहे. नाक तर टोटली बंद होतं."

"म्हणजे मास्क घालताना वास?"

"आई, मला आठवडाभर फोडणीचा वास येत नाहीये. थर्ड पिरियडला घाम यायला लागला आणि मग फायर. कपाळावरून खाली डोळ्यांत." तिने चमचा खाली ठेवला. "मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर इशिताला चान्स मिळाला असता. म्हणून नाही सांगितलं. इट्स माय फॉल्ट, आई."

घरात, टीममध्ये, जिकडे बघावं तिकडे अपराधी. सुमेधा वैतागली. इतके लोक अपराध कबूल करत होते आणि त्यातला एकही तिच्या कामाचा नव्हता.

गुरुवारी सकाळी तिने शेवटी मास्कची पिशवी खाली काढली. आधी भजी टिपायचा तपकिरी कागद घेतला आणि त्यावर इशिताच्या ट्यूबमधला बाम पुसला. लगेच तेलकट, आरपार दिसणारा डाग पडला. मग कागदाचा दुसरा तुकडा मास्कच्या फोमवर ठिकठिकाणी दाबला. कपाळाची पट्टी, गालांच्या पट्ट्या, हनुवटी. कागद कोरडा ठाक. एकही डाग नाही.

बामला वास असतो तसा मेणचटपणाही असतो. वास राहिला आणि मेण गेलं, असं होत नाही. म्हणजे मास्कमध्ये बाम नव्हताच. इशिता खरं बोलत होती, हे पुराव्यानेही सांगितलं. सुमेधाला बरं वाटलं, आणि त्याच दमात ओशाळल्यासारखंही झालं. बाम बाम म्हणून बारा जणींसमोर ओरडलं कोण होतं?

पण मग मास्कमध्ये होतं तरी काय? ती रिकामी पिशवी झटकायला गेली आणि थबकली. पिशवीची जी बाजू खिडकीच्या गार काचेला टेकली होती, तिथे आतून पांढरे कण चिकटले होते. पिठीसाखरेसारखे बारीक, चकचकीत. रविवारी पिशवी नवीकोरी होती.

५

वाफ होऊन उडायचं आणि गार जागा दिसली की पुन्हा कण होऊन बसायचं, असा स्वभाव असलेले पदार्थ फार नाहीत. त्यांतला झोंबऱ्या वासाचा एक मराठी माणसाच्या घरात नेहमीच असतो. सुमेधाने दोनचार कण स्टीलच्या चमच्यात घेतले आणि काडी लावली. पिवळी ज्योत उठली, जरासा काळा धूर निघाला आणि चमच्यात मागे काही म्हणता काही उरलं नाही.

"आरती करतेस की काय?" वासाच्या मागावर उल्हास स्वयंपाकघरात आला. जन्मभर पूल बांधून निवृत्त झाल्यावर त्याने देवपूजा हाती घेतली होती, आणि तीही इंजिनिअरच्या काटेकोरपणे. "कापूर कुठे मिळाला तुला? स्टोअरवाल्याकडेही संपला होता. मी रविवारपासून नुसत्या निरांजनावर भागवतोय."

"आपला का संपला?" सुमेधाने विचारलं. चमचा अजून तिच्या हातात होता.

"अगं, शनिवारी नाही का! तूच म्हणालीस, दर्पाचं काय ते बघ. बॅग उघडली तर सगळ्यात जास्त वास त्या हेल्मेटला. मग अख्खी डबी त्यातच रिकामी केली. भीमसेनी कापूर, पुण्याहून आणलेला. फोमची ती कपाळाची पट्टी निघते ना, तिच्या मागे वड्या नीट दाबून बसवल्या, म्हणजे सांडायला नकोत." तो समाधानाने हसला. "एका तरी बाईने वासाची तक्रार केली का, सांग."

सुमेधा खुर्चीवर बसली. सगळं जिथल्या तिथे बसत होतं. शुक्रवारी मास्क ठीक, कारण कापूर शनिवारी आला. चारुताला कळलं नाही, कारण तिचं नाक बंद. बाकी कुणाला कळलं नाही, कारण खोलीत बामचा वास रोजचाच. तिसऱ्या सत्रात घाम कपाळाच्या पट्टीमागून वाहिला आणि विरघळलेला कापूर घेऊन थेट डोळ्यांत उतरला. गुन्हेगार नव्हताच कुणी. होती एक गृहिणी, जिला चार बायका काय म्हणतील याची धास्ती होती, आणि होता तिचा आज्ञाधारक नवरा.

तिने उल्हासला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"मी सांगतो चारुताला," तो म्हणाला. "माझ्या हाताने झालं."

"पण तुला करायला सांगितलं ते मीच."

"बरं, मग असं कर," तो तिच्या हातातला चमचा काढून घेत म्हणाला. "शनिवारी त्यांना सांग, बाम नव्हता, टेस्ट केली. इशिता सुटली. विषय संपला. कापराचं कशाला बोलायचं? मुलीने फायनल घालवली ती आपल्या घरामुळे, हे सगळ्यांना कळून कुणाचं भलं होणारे?"

बोलणं खोटं नव्हतं. म्हणूनच त्याची भुरळ पडत होती. इशिता सुटेल, चारुता दुखावणार नाही, आणि सुमेधाकाकूंचं नावही राहील. दोन दिवस ती हेच उलटसुलट करत राहिली. शनिवारी सकाळी गाडीत बसेपर्यंत तिचं काहीच ठरलं नव्हतं.

६

रिंकच्या वरच्या मजल्यावर, मुलांच्या वाढदिवसांसाठी भाड्याने देतात त्या खोलीत मीटिंग होती. भिंतीवर कुणाचे तरी फुगे राहून गेले होते. बारा जणी गोल बसल्या होत्या. इशिताच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि ते मुद्दाम झालं नसेल असं सुमेधाला मानावंसं वाटलं तरी मानता येईना. चारुता आईशेजारी बसली होती.

सुमेधाने दोन कागद टेबलावर ठेवले. एक डागाचा, एक कोरडा. बामचा डाग पडतो, मास्कचा पडला नाही, तेव्हा मास्कमध्ये बाम नव्हता आणि इशिताचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे तिने इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. खोलीत हायसं वाटल्याची कुजबुज झाली. प्रीताने लांब श्वास सोडला. इशिता मात्र हलली नाही.

"मग डोळ्यांत गेलं काय?" कुणीतरी विचारलं.

आता "माहीत नाही" एवढं म्हटलं की झालं असतं. शब्द जिभेवर होते. तेवढ्यात तिचं लक्ष इशिताच्या बाजूच्या त्या रिकाम्या खुर्च्यांकडे गेलं. खरा माणूस सापडला नाही तर त्या रिकाम्याच राहणार, हे तिला लख्ख दिसलं. पुरावा मुलीला सोडेल. संशय सोडणार नाही.

"कापूर," ती म्हणाली. आणि मग सगळंच सांगितलं. हळदीकुंकू, बॅग, दर्प, नवऱ्याला दिलेलं फर्मान, कपाळाची पट्टी. सांगताना ती चारुताकडे बघू शकली नाही. "मॅच माझ्यामुळे गेली. हे चुकून झालं, पण माझ्याकडूनच झालं. सॉरी."

प्रीताने लगेच हात पुढे केला. "इट्स ओके काकू. इट वॉज अन ॲक्सिडेंट." दोघीतिघींनी माना डोलावल्या. सगळ्यांना आता लवकर घरी जायचं होतं.

"काकू," इशिता मराठीत म्हणाली. आवाज शांत होता. "कापूर चुकून गेला, समजलं. पण तुम्ही मास्क हुंगला आणि लगेच माझ्याकडे पाहिलं. तपासलं नव्हतं तेव्हा तुम्ही काहीच. तेही चुकून का?"

सुमेधाकडे उत्तरं बरीच होती. बामची ट्यूब तुझ्या हातात होती. वास तसाच होता. कुणालाही तेच वाटलं असतं. रिपोर्टात ही सगळी शोभली असती. पण त्या क्षणी तिच्या मनात वासाआधी काय आलं होतं, ते तिचं तिला माहीत होतं. माझ्या मुलीने सोपा गोल सोडला, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी पापामुळे सुटलेला असायला हवा. आणि माझ्या मुलीची जागा जिला हवी, तिच्याइतकं सोयीचं कोण? ट्यूब नंतर दिसली. नजर आधी गेली होती.

"नाही," सुमेधा म्हणाली. "ते चुकून नव्हतं. मला तूच हवी होतीस."

इशिताने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि सुमेधाने ते मागितलंही नाही. मतदान घ्यायचं कारणच उरलं नव्हतं, तरी कुणी उठेना. मग चारुता उठली. आईच्या शेजारची आपली खुर्ची तिने उचलली, खोलीच्या पलीकडे नेली आणि इशिताच्या बाजूला टेकवली.

"आई, यू गो अहेड," ती म्हणाली. "मी हिच्याबरोबर येईन."

सुमेधाने कागद गोळा केले, पर्स उचलली आणि ती एकटीच जिना उतरून गाडीकडे गेली.